निघाली म्हणून सांगजो

१

"जुनी नोकरी काऊन सोडून राह्यल्या, बाई?"

हा प्रश्न येणार हे नमिताला पक्कं ठाऊक होतं. तीन दिवस ती आरशासमोर उभी राहून त्याचं उत्तर घोकत होती. आता वेळ आली तेव्हा ते तिनं न अडखळता म्हणून दाखवलं. "नवीन काही शिकायची इच्छा आहे, सर. तिथं आता तेच तेच काम होतं."

टेबलापलीकडे माणिकराव बसले होते. रिटायर्ड हेडमास्तर, आता या कॉलेजच्या ऑफिसची माणसं तेच नेमायचे. शेजारी मोहिनी मॅडम कागदावर टिपून घेत होत्या. माणिकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे झालं पुस्तकातलं," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली तुमाले तिथं. पगार येळेवर. घर हाकेच्या अंतरावर. असं हापिस कोनी सोडते काय?"

गंमत बघा, नमिताचं सगळं कामच मुळी सोडण्याचं कारण लिहिण्याचं. नालवाडीच्या त्या शिक्षण संस्थेच्या ऑफिसात बसून ती लोकांना जुने शाळेचे दाखले काढून द्यायची. दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. पुढील शिक्षणासाठी. पालकांची बदली. सतत गैरहजर. सहा वर्षांत असे हजारो रकाने तिनं भरले होते, आणि दुसऱ्याचं कारण लिहिताना तिचा हात एकदाही थांबला नव्हता.

"सांगा ना," माणिकराव म्हणाले. आवाजात दरडावणी नव्हती. तेच अवघड होतं. दरडावलं असतं तर तिनं पुन्हा पुस्तकातलंच सांगितलं असतं.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. नमिताचा एक डोळा मघापासून तिकडेच होता.

२

ऑफिस तसं लहान. बाहेरच्या खोलीत काचेचं मोठं टेबल, त्यावर फोन, दोन खुर्च्या, वर खटखट वाजणारा पंखा. आतल्या बाजूला रेकॉर्डची खोली. संस्थेच्या शाळा कधीच बंद पडल्या, पण मुलांच्या दाखल होण्या-सोडण्याच्या नोंदींची दाखल-खारीज रजिस्टरं तिथं मांडण्यांवर छतापर्यंत रचलेली. कसर लागू नये म्हणून जमिनीवर आणि मांडण्यांवर पांढरी पावडर टाकलेली असायची. तिथून आलेल्या माणसाच्या चपला खोलीभर पांढऱ्या उमटायच्या. दार खाली फुगलेलं, उघडताना फरशीवर खरडायचं.

ती खोली कोकिळाताईंची. बावन्न वर्षांची बाई, लग्न केलं नाही. आंजीला म्हाताऱ्या वडलांजवळ राहायची, रोज बसनं यायची-जायची. कोणत्या साली कोण कोणत्या वर्गात होतं हे तिला पाठ. नमिता नवीन होती तेव्हा ताईनं तिला दाखला लिहायला शिकवलं, डब्यातली अर्धी भाकर दिली, आणि एक गोष्ट बजावून ठेवली.

"सव्वापाच-पाच वीसले माह्या बाबाचा फोन येते. मी हापिसात असो की नसो, निघाली म्हणून सांगजो."

"पण तुम्ही तर साडेपाचला निघता, ताई."

"अवं, अजून इथंच हाय म्हटलं का तो दर पाच मिनिटाले फोन करते. निघाली म्हटलं का चहाचं आधण ठेवते आन् फाट्यावर येऊन बसते. त्याचा जीव शांत राह्यते."

आता यात वावगं काय आहे? आपल्याकडे अंगाला साबण लावलेला माणूससुद्धा फोनवर निघालो म्हणून सांगतो. तेव्हा पाच वीसला फोन वाजायचा, ताईचे बाबा रूपरावजी विचारायचे, "कोकिळा निघाली काय व बाई?" आणि नमिता म्हणायची, "निघाली, बाबाजी." समोर ताई काचेवर बांगडी टकटक वाजवत हसायची. पाच वर्षं हे असंच चाललं.

३

तो फेब्रुवारीतला गुरुवार होता. पाच वाजता शिपाई तानबा घरी गेला. कोणाच्या तरी पंचवीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यासाठी ताई रजिस्टर शोधायला आत गेली होती. वरच्या फळीवरचं काढायला स्टूल घेऊन गेली होती. नमिताला त्या दिवशी जरा लवकर निघायचं होतं. काही मोठं काम नव्हतं, बाजारात ताजी मेथी आलेली सकाळी दिसली होती, ती संपायच्या आत घ्यायची होती. तिनं हेल्मेट घातलं, गाडीची किल्ली हातात घेतली, आणि फोन वाजला.

"कोकिळा निघाली काय व बाई?"

"निघाली, बाबाजी."

तिनं फोन ठेवला आणि ती गेली. मेथीच्या दोन जुड्या मिळाल्या.

रूपरावजी फाट्यावर दोन बस जाईपर्यंत बसले. मग नातू कैलास गाडी घेऊन शोधायला निघाला. आता नीट ऐका. ताई निघाली असं ऑफिसनं सांगितलं होतं. म्हणून सगळ्यांनी तिला रस्त्यावर शोधलं. आंजीपासून वर्ध्यापर्यंत पूल पाहिले, नाले पाहिले, दवाखान्यात विचारलं, बसच्या कंडक्टरला गाठलं. ऑफिसात कोणी पाहिलं नाही. कशाला पाहतील? ती तर निघाली होती.

सकाळी तानबा आला तर बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं रेकॉर्डची खोली उघडली तेव्हा ताई मांडणीच्या टोकाला पडलेली होती. स्टूल आडवं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, पडली तेव्हाच आणलं असतं तर कदाचित. त्या कदाचितच्या पुढे ते काही बोलले नाहीत. खोलीतल्या पावडरवर ताईच्या हाताचे ओरखडे दाराच्या दिशेनं गेलेले होते. ते तानबानं फडक्यानं पुसले आणि नमिताला कधी सांगू नये ते सांगून टाकलं.

फोनवर कोण बोललं ते कोणी विचारलं नाही. रूपरावजींच्या काही लक्षात राहिलं नाही. नमितानं चकार शब्द काढला नाही. आणि आणखी एक गोष्ट होती, ती तर तिनं स्वतःलाही धड सांगितली नव्हती. तेव्हापासून घरात मेथी केली की ती उपाशी उठायची. आईला वाटायचं, पोरगी डाएट करून राहिली.

४

ताईची तेरवी झाली, आणि दुसऱ्याच आठवड्यात पाच वीसला फोन वाजला.

"कोकिळा निघाली काय व बाई?"

नमितानं आधी रेकॉर्डच्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात पलीकडे कैलासनं फोन घेतला. "मॅडम, माफ करा. आजोबाच्या ध्यानात राह्यत नाई. रोज सांगतो, रोज इसरते. सांगितलं का नव्यानं रडते. तुमी नुसतं हो म्हना ना, एवढी मेहरबानी करा."

मग तिनं काय करायचं? तिनं म्हटलं, "निघाली, बाबाजी."

आणि ते रोजचं झालं. म्हातारा आधण ठेवायचा, फाट्यावर बसायचा, अंधार पडला की कैलास त्याला हात धरून घरी न्यायचा. नमिताला वाटायचं, आपलं फेडणं चाललंय. ज्या शब्दानं घात झाला तोच शब्द रोज सांगायचा. ती सुट्टीसुद्धा घेईनाशी झाली.

एप्रिलमध्ये एक दिवस नेहमीचं बोलणं झाल्यावर रूपरावजी म्हणाले, "काल लवकर पोचली व."

"कोण, बाबाजी?"

"कोण म्हंते. कोकिळा. पन बोलत नाई. थकून जाते बिचारी. उभीच राह्यते दारात, पाय धुत नाई." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या हापिसात एवढी पांढरी धूळ कायची हाय व बाई?"

नमितानं मनाला समजावलं. म्हातारा माणूस, ताईनं कधीतरी पावडरचं सांगितलं असेल, ते आठवलं असेल. तिनं कैलासला फोन लावला. तो हसला, पण हसणं पुरतं नव्हतं. "मुंग्याची पावडर सांडली असन ओसरीवर. आजोबाचेच पाय असतील. मी पुसून टाकतो रोज."

"रोज?"

कैलास म्हणाला, "मॅडम, तुमी सांगत जा निघाली म्हनून. ज्या दिवशी तुमचा फोन लागला नवता ना, त्या दिवशी आजोबा म्हने, आज आली नाई."

५

ऑक्टोबरात रूपरावजी गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. नमिता आंजीला जाऊन आली. ओसरी स्वच्छ सारवलेली होती. येताना बसमध्ये तिला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. आता पाच वीसला फोन येणार नाही, आता तो शब्द सांगावा लागणार नाही, असं तिला वाटलं.

सोमवारी ती कामावर गेली. तानबा पाचला निघून गेला. पाच वीस झाले. फोन वाजला नाही. पंखा खटखटत होता. आणि रेकॉर्डच्या खोलीतून स्टूल ओढल्याचा आवाज आला.

उंदीर, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, स्वतःला ऐकू जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी चपला घासत चालल्याचा आवाज आला. मांडणीच्या टोकापासून दारापर्यंत, आणि दाराशी थांबला. तिसऱ्या दिवशीही तेच. कोणीतरी दारामागे उभं आहे, आणि बाहेर बोलावण्याची नव्हे, तर जा म्हणण्याची वाट पाहतंय, असं तिला वाटलं. इतके दिवस कोणी विचारायचं, निघाली काय, आणि ही सांगायची, निघाली. मग ताई निघायची. आता विचारणारं कोणी नव्हतं. जायचं तरी कोणाकडे?

ती एकटी असताना एकदा हळूच म्हणाली, "निघा ताई." काही झालं नाही. चपला तशाच दाराशी राहिल्या.

तानबाला तिनं विचारलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "उंदरं हायेत, मॅडम." आणि त्या दिवसापासून तो पावणेपाचलाच घरी जायला लागला.

दाखल्यांचं काम तुंबलं, कारण नमिता त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. लोकांना ती सांगायची, रजिस्टर सापडत नाही. खोटं बोलायची आता तिला सवय झाली होती. एका सकाळी तिनं कुलूप उघडलं तर रेकॉर्डच्या दारापासून टेबलापर्यंत पांढरी पावलं होती. फोनच्या समोर ती जास्त दाट होती, कोणी बराच वेळ तिथं उभं राहिल्यासारखी. त्याच दिवशी तिनं या कॉलेजला अर्ज टाकला.

६

"अर्जात तुम्ही तिथला नंबर देला हाय," माणिकराव म्हणाले. "त्यांना माहीत आहे ना, तुम्ही जागा पाहून राह्यल्या ते?"

"सचिवांना माहीत आहे, सर."

"मंग विचारून घेऊ दोन शब्द. मोहिनी, लाव बरं फोन."

"आज दुसरा शनिवार आहे, सर," नमिता म्हणाली. "ऑफिस बंद आहे. कोणी उचलणार नाही." तिच्या पर्समध्ये ऑफिसची किल्ली होती. ताईनंतर ती तिच्याकडेच असायची, आणि दुसरी किल्ली सचिवांनी तिच्यादेखत कपाटात ठेवली होती.

"लावून तर पाहू. कधी कधी बसते कोनी."

मोहिनी मॅडमनी नंबर फिरवला आणि स्पीकरचं बटन दाबलं. घड्याळात पाच वीस झाले होते. नमितानं ते पाहिलं. एक रिंग झाली, दुसरी झाली. तिसरीला कोणीतरी फोन उचलला.

आधी नुसता पंखा ऐकू आला. खट, खट, खट. नमिताला तो कुठंही ओळखू आला असता.

"नमस्कार," माणिकराव जरा मोठ्यानं म्हणाले. "तुमच्या हापिसातल्या नमिता मॅडमबद्दल विचारायचं होतं. आहे ना त्या तिथं कामाले?"

पलीकडे काचेवर बांगडी वाजली. टकटक. मग एका बाईचा आवाज आला, दमलेला, शांत.

"थांबा हं. पाहून सांगते."

फोन काचेवर आडवा ठेवल्याचा आवाज झाला. चपला घासत गेल्या. दूर एक दार फरशीवर खरडलं.

"आहे की कोणीतरी," मोहिनी मॅडम म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल्या बंद आहे."

नमितानं पर्स उघडली. किल्ली होती. तिनं ती मुठीत धरली, आणि ती रडायला लागली. मुलाखतीला आलेली बाई परक्या माणसांसमोर रडते हे चांगलं दिसत नाही, तेही तिला कळत होतं.

"सर, तुम्ही विचारलं काऊन सोडून राह्यली. ऐका. आमच्या ताई आत पडल्या होत्या आणि मी निघाली म्हणून सांगितलं. त्यांच्या बाबांना. मी ना, आवाज ऐकला होता. स्टूल पडल्याचा. फोन वाजायच्या आधी. मला वाटलं रजिस्टर पडलं असेल. डोक्यात हेल्मेट होतं, वाटलं, काढा, आत जा, पाहा, त्यात पाच मिनिटं जातील. मेथी घ्यायची होती. मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, थांबा बाबाजी, पाहून सांगते. एवढंच. नाही म्हटलं मी."

माणिकरावांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. स्पीकरमधून पंखा वाजत होता. परत कोणी येत नव्हतं.

"पानी घ्या, बाई," ते म्हणाले. "मंग ह्या आत्ता बोलल्या त्या कोन?"

नमितानं डोळे पुसले आणि ती उठली.

"ठेवू काय फोन?"

"नका ठेवू, सर. तुमच्या पाया पडते. चालू राहू द्या. मी येते पाहून."

७

नालवाडीपर्यंत पंधरा मिनिटं लागली. बाहेरचं कुलूप जसंच्या तसं होतं. तिनं ते उघडलं. संध्याकाळचं ऊन खिडकीतून काचेच्या टेबलावर आलं होतं, आणि त्या उन्हात फोन आडवा पडलेला होता. पंखा चालू होता. काल जाताना तिनं तो बंद केला होता.

फरशीवर पांढरी पावलं होती. टेबलापासून रेकॉर्डच्या खोलीकडे गेलेली. परत आलेली नव्हती.

दार अर्धं उघडं होतं आणि आत दिवा लागला होता. नमिता उंबरठ्याशी उभी राहिली. ते आवाज सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच तिथवर आली होती. दोन मांडण्यांच्या मधली अरुंद वाट सरळ दिसत होती. त्या वाटेच्या टोकाला स्टूल आडवं पडलं होतं. स्टुलाच्या पलीकडे, मांडणीच्या कोपऱ्याआडून, एक पाऊल दिसत होतं. नुसतं पाऊल. टाच पावडरनं पांढरी झालेली, चप्पल अर्धी निघालेली.

तिनं मनाला सांगितलं, जुनी चप्पल असेल. फडकं असेल. तानबानं काहीतरी टाकून ठेवलं असेल. तेवढ्यात त्या पावलाचा अंगठा हलला. अगदी थोडा, पण हलला.

तिला पळून जावंसं वाटलं. गाडी बाहेरच होती, किल्ली अजून हातातच होती, दरवाजा उघडा होता.

मागे टेबलावरच्या फोनमधून माणिकरावांचा बारीक आवाज येत होता. बिचारे अजून धरून बसले होते. "हॅलो. हॅलो. आहे काय व तिथं कोनी?"

नमिता टेबलाशी आली. तिनं फोन उचलून कानाला लावला. डोक्यात अजून हेल्मेट होतं, त्यावर तो टेकला, धड ऐकू येईना.

"थांबा सर," ती म्हणाली. "पाहून सांगते."

तिनं फोन काचेवर ठेवला, हेल्मेट काढून त्याच्या शेजारी ठेवलं, आणि ती आत गेली.